भिंत कशी बांधली, ते आधी विचारा

मुलाखती घेण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

ताई, आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. वीस वर्षं कोयत्यावर जातात. त्यांच्याशी निवांत बोलून लिहावं असं मनात आहे. दोनदा जाऊन बसलो. 'ऊसतोडीला जाताना कसं वाटतं?' असं विचारलं, तर म्हणाल्या, 'काय वाटायचंय बाबा?' आणि भांडी घासायला उठल्या. माझं कुठं चुकलं?
— एक विद्यार्थी, परळी वैजनाथ

बाळा, मावशींनी तुला खरं तेच उत्तर दिलं. 'कसं वाटतं' या प्रश्नात त्यांना ठाऊक असलेलं काहीच नाही. पहाटे तीनला कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चूल पेटवणाऱ्या बाईला कसं वाटतं, हे तू आधीच ठरवून गेला होतास आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायचं होतं. बाईमाणसाला हे लगेच कळतं.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेपरात आला, सरकारने चौकशी समितीही नेमली. ते होणं फार गरजेचं होतं. पण त्यानंतर वडवणीकडच्या एका तांड्यावर मी गेले, तेव्हा पहिल्याच बाईने मला बसायला पोतं दिलं आणि म्हणाली, 'इचारा. समदे पिशवीच इचारायलेत.' माझ्या वहीत तोच प्रश्न सगळ्यात वर लिहिलेला होता. मी वही मिटली आणि विचारलं, 'मोळी कशानं बांधता?'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि हातानं करून दाखवायला लागली. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, कसं पिळायचं, पीळ कुठवर द्यायचा, म्हणजे डोक्यावर घेतल्यावर सुटत नाही. ऊस बुडातून, मातीला टेकवून तोडावा लागतो, कारण गोडी बुडाला असते आणि वर बुडका राहिला तर मुकादम बोलतो. पाचट हातावर कसं कापतं. मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना आधी कोणता पाय टाकायचा. एक खाडा पडला, म्हणजे एक दिवस काम बुडालं, तर उचलीतून, आगाऊ घेतलेल्या पैशांतून, किती कापतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एकटी राहिलेली बाई मुकादमाला नको असते, आणि मग ती भावाबरोबर, नाहीतर मोठ्या मुलाबरोबर जोडी लावते. दोन तास झाले. पिशवीचं तिनंच सांगितलं, खाड्याचा हिशेब सांगता सांगता. कारण ती गोष्ट तिथंच बसते. दुखणं काढायला थांबलं की खाडा, आणि खाडा पडला की दंड.

तर तू परत जा. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर एप्रिल-मे महिन्यात जा, तेव्हा त्यांना उसंत असते. दसऱ्याच्या सुमारास जाऊ नकोस, त्या दिवसांत घर आवरणं आणि लेकरं कुणाकडे ठेवायची याची घालमेल असते. आणि कोयत्याला धार कशी लावतात, तिथपासून सुरुवात कर.

मागच्या अंकातली गवंडीबाबांची मुलाखत वाचली. माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं बांधणाऱ्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसानं किल्लारीच्या भूकंपाबद्दल 'माझ्याच भिताडाखाली माणसं मेली' असं म्हणावं, हे वाचून मी रात्रभर झोपले नाही. हे त्यांच्याकडून तुम्ही कसं काढून घेतलंत? आणि काढून घ्यावं का?
— एक शिक्षिका, औसा तालुका

काढून घेतलं नाही. तुमचा प्रश्न मात्र मला गेले दोन महिने स्वतःलाही पडलेला आहे, म्हणून सगळं सांगते.

मी त्यांच्याकडे भूकंपासाठी गेलेच नव्हते. मला माळवदाबद्दल लिहायचं होतं. आमचं आजोळचं घर माळवदाचं, उन्हाळ्यात आत गेलं की अंगावरचा घाम वाळायचा. ती घरं बांधणारी माणसं आता थोडी उरलीत, म्हणून गेले. पहिल्या दिवशी बाबा जेमतेम बोलले. चहा झाला, 'आता कुठं ध्यानात ऱ्हातंय' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्याजवळ उभं राहून मी विचारलं की ही भिंत एवढी रुंद का. तिथून गाडी सुरू झाली. काठीनं मातीत रेघा ओढून त्यांनी भिंतीचं पोट दाखवलं. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून एक थर, मध्ये गोटे, खपल्या आणि चिखल. अडीच-तीन फूट रुंदी सहज होते. चिखल किती दिवस भिजवायचा, कुणी तुडवायचा. वर खांब-तुळया, त्यावर किलच म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर पाला, आणि त्यावर पांढरी माती. मृगाच्या आधी दरसाल नवी माती टाकायची म्हणजे गळत नाही. जुनी कुणी काढत नाही. 'आज्यापासनं माती चढतच ऱ्हाती,' असं बोलताना ते हसत होते.

तिसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर बसलो होतो. पडक्या ओवरीच्या भिंतीत एक लांब दगड दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. मी सहज विचारलं, 'बाबा, हा दगड असा आरपार का?' माझ्या मनात काही नव्हतं. भिंतीचा प्रश्न म्हणून विचारला.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'त्यो दोनी अंगं धरून ठेवतोय. आमाला ठाव होतं की. देवळाला घालायचो. घराला कोण घालतंय बाई, लांब दगड म्हाग पडतोय.' आणि त्यानंतर ते वाक्य आलं.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. आमच्या पट्ट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण वरच्या मातीच्या वजनाखाली भिंतीची दोन अंगं सुटी होऊन बाहेर फाकली आणि पोटातला गोटा आत झोपलेल्यांवर आला, हे मला त्या दिवशी त्यांच्या काठीच्या रेघांतून कळलं. तज्ज्ञांनीही पुढे हेच सांगितलं. भूकंपानंतर गवंड्यांना शिकवलं जात होतं, त्यात बाबाही गेले होते. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं की भिंतीत आरपार दगड घाला. 'मी खाली मान घालून ऐकलो,' म्हणाले.

मी लिहायचं थांबवलं होतं. त्यांनी वहीकडे पाहिलं. 'लिव की. कामून थांबलीस?'

तरी मी लगेच छापायला दिलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेले, लिहिलेलं सगळं त्यांच्यासमोर आणि त्यांच्या सुनेसमोर वाचून दाखवलं. सुनेला गावाचं नाव नको होतं, ते काढलं. बाबांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी 'किलच' लिहायच्या जागी दुसरंच काहीतरी लिहिलं होतं. बाकी तसंच ठेवायला सांगितलं.

तेव्हा बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. मी भूकंपाबद्दल विचारलं असतं, तर त्यांनी मला तेच सांगितलं असतं जे इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. तीन दिवस कुणी त्यांना भिंतीबद्दल विचारत राहिलं, म्हणून ते भिंतीबद्दल बोलले, आणि त्यांचं दुःख भिंतीतच होतं. पण ते सांगून झाल्यावर छापायचं की नाही, हा हक्क त्यांचा. 'नको' म्हणाले असते तर ती पानं माझ्याकडेच राहिली असती. अशी पानं माझ्याकडे आहेत.

जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पानाड्याच्या मुलाखतीत तुम्ही त्याला पाण्याच्या जागी तळहातावर नारळ उभा राहतो वगैरे सगळं बोलू दिलंत. एकदाही अडवलं नाही. आमच्या भावकीत पानाड्याच्या शब्दावर तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे. याला तुम्ही जबाबदार नाही का?
— एक शेतकरी, जालना जिल्हा

दादा, तुमचा राग रास्त आहे. बोलताना त्यांना अडवलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. पण मुलाखतीच्या आधी माझ्या शब्दांत दोन ओळी लिहायला हव्या होत्या आणि त्या लिहिल्या नाहीत, ही चूक माझी. आता लिहिते. नारळ उभा राहतो तो हाताच्या बारीक हालचालीनं. खालच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि नीट घेतलेल्या चाचण्यांत ही विद्या टिकलेली नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणाखाली नदी वाहत नसते. पाणी असतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. ज्या शिवारात हे बरं आहे तिथं कुठंही खणलं तरी थोडंफार लागतं, आणि नाव पानाड्याचं होतं. बोअर घेण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारावं.

आता दुसरी बाजू ऐका. नारळाबद्दल ते दहा मिनिटं बोलले. उरलेला वेळ ते शिवाराबद्दल बोलत होते. वैशाखात कोणती झुडपं हिरवी राहतात, उंबर कुठं आपोआप उगवतो, वारूळ कुठं आहे, किती परसावर, म्हणजे किती पुरुष खोलीवर, कोणता खडक लागला, दुष्काळात कोणती विहीर आधी आटली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचं अख्खं प्रकरण अशा खुणांवर आहे, तेव्हा ही नजर फार जुनी आहे. त्यातलंही सगळं पारखून घ्यावं लागेल. पण चाळीस वर्षं विहिरींच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसानं काय पाहिलं, ते नारळाच्या रागात फेकून देऊ नये. मी त्यांना विचारलं होतं, 'कोरड्या किती गेल्या?' त्यांनी सात गावांची नावं घेतली आणि त्यातल्या एका गावात आपण आजही जात नाही, असं सांगितलं. ते मी छापलं आहे. परत वाचाल तर सापडेल.

बोली तशीच ठेवता, त्यानं माणूस अडाणी वाटत नाही का? शुद्ध करून का देत नाही?
— निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

सर, लातूरकडचा माणूस 'करलालो' म्हणतो, बीडकडचा 'करायलो'. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करणारे चाचा माझ्याशी दखनीत बोलले, मध्येच मराठीत आले, पुन्हा दखनीत गेले. हे सगळं 'करत आहे' करून टाकलं तर माणूस कुठला हेच पुसलं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. बाईनं जशी गायली तशी ओवी, आणि सोबत गाणारीचं नाव, गाव. त्या ओव्या शुद्ध करून घेतल्या असत्या तर जात्याच्या फेऱ्यात बसल्याच नसत्या. एवढं मात्र पाळते की एकाची बोली ठेवली तर सगळ्यांची ठेवते. डॉक्टर प्रमाण मराठीत आणि गडी बोलीत, असं करत नाही. आणि माझे प्रश्नही मी जसे विचारले तसेच छापते, त्यात माझी औशाची बोली येते.

मोबाईलवर रेकॉर्ड करावं की वहीत लिहावं? आणि बोलणाऱ्याला पैसे द्यावेत का?
— एक वाचक, सेलू

दोन्ही करा. मोबाईल विचारून आणि समोर ठेवा, खिशात नको. वहीत शब्द कमी आणि वस्तू जास्त लिहा, म्हणजे हातात काय होतं, मध्ये कोण आलं, कोणत्या शब्दाशी ते थांबले.

बोलण्याचे पैसे मी देत नाही, पण रोजंदारीच्या माणसाचा दिवस मोडायचाही नाही. कामाच्या जागी जाते, पाटी उचलायला हात लावते, दुपारच्या सुटीत बोलते. दिवस मोडलाच तर त्या दिवसाची हजेरी भरून देते आणि ते मुलाखतीत लिहिते. अंक निघाला की एक प्रत स्वतः नेऊन देते. वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवते; त्यासाठी शेवटच्या एसटीच्या आधीचा एक तास राखून जा.