पाणी पोटात पायजे, आंगावर नाई

प्रश्न : काकू, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लेकरं दुकानातून मसाल्याच्या पॉपकॉर्नची पुडी आणतात, चार घासांत संपते. म्हणून मी सुटा मका आणून घरीच करू लागले. पण दर वेळी मूठभर दाणे न फुटता उरतात. मसाला लाह्यांना धरत नाही, सगळा बुडाशी जातो. मागच्या खेपेला चिवड्यावर पिळतो तसं लिंबू पिळलं, वरून सांबार (कोथिंबीर) चिरून घातला, तर पाच मिनिटांत लाह्या मऊ लोळा. माझ्याकडे गॅस आहे आणि जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) गंज, म्हणजे पातेलं. काय चुकतं?

उत्तर : ताई, तुमच्या तीन दुखण्यांतली दोन पाण्याची आहेत. दाण्यात ते कमी पडतंय आणि लाहीवर जास्त. तिसरं, मसाल्याचं, त्याच्या जाडपणाचं आहे.

माझी माय नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडायची. आदल्या संध्याकाळी ज्वारीवर कोमट पाण्याचा हबका मारून ती फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी सावलीत पसरून वरवरची ओल उडू द्यायची. मग चुलीवर लोखंडी कढई चांगली तापली की एका वेळी एकच मूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्यानं भराभर फिरवायची. मला घाई. ओलसर ज्वारीच टाकायला निघाले की माझा हात धरायची. "थांब वं. पाणी त्याच्या पोटात पायजे, आंगावर नाई." आज मक्याच्या लाह्या करतानाही मला तेच आठवतं.

मक्याच्या दाण्याच्या पोटात साधारण 13-14 टक्के पाणी असलं की तो उत्तम फुटतो. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते, पण टरफल कडक असल्यामुळे तिला वाट मिळत नाही. 180 अंशांच्या आसपास टरफल हार मानतं आणि आतलं पिठूळ फसफसून बाहेर येतं. पाणी कमी असलं तर जोरच येत नाही. टरफलाला चीर असली तर वाफ हळूच निसटून जाते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या घरात डबा ठेवला तर दाणा वाळणारच. तुमचा उरलेला मूठभर मका बहुतेक असाच वाळका आहे.

तो सुधारता येतो. अर्धा किलो मका काचेच्या बरणीत घ्या, दोन लहान चमचे पाणी घाला, घट्ट झाकण लावून हलवा. दिवसातून दोन-तीनदा हलवत राहा. तीन-चार दिवसांनी दाणे वरून कोरडे दिसतील, पाणी आत गेलेलं असेल. मग दहा दाणे फोडून बघा. नऊ फुटले की बरणी तयार. ती उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.

आता फोडायचं. तीन लिटरच्या गंजाला अर्धी वाटी मका पुरे, जास्त घेतला तर झाकण उचललं जातं. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, त्यात चिमूटभर हळद आणि तीन दाणे. ते तीन फुटले की बाकीचे टाका, गंज उतरवा आणि मनात तीस मोजा. ह्या तीस अंकांत सगळे दाणे सारखे तापतात, मग एकदम फुटतात. परत गॅसवर ठेवून सांडशीनं धरून हलवा. झाकण बोटभर तिरकं ठेवा. ही बारीक फट फार महत्त्वाची. फुटणाऱ्या प्रत्येक दाण्यातून वाफ निघते, झाकण घट्ट असलं तर ती थेंब होऊन लाह्यांवरच पडते. दोन फुटण्यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं की लगेच उतरवा. शेवटच्या चार दाण्यांसाठी खालच्या लाह्या जाळू नका.

मसाल्यात मात्र आपण बायका जरा हलगर्जीपणा करतो. भाजीतलं मीठ, भाजीतलं तिखट तसंच टाकतो. लाहीला ते जाड पडतं आणि घरंगळून जातं. मीठ मिक्सरमधून पिठासारखं करा. वीज नसली तर खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून चाळा. मी असं घेते : मीठ दोन चमचे, भिवापुरी मिरचीचं तिखट दोन, आमचूर एक, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक, काळं मीठ अर्धा, हिंग पाव चमचा. सगळं एकत्र करून पुन्हा एकदा वाटते आणि चाळते. अर्ध्या वाटी मक्याला ह्यातला एक लहान चमचा पुरतो. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग असा की दुसरा रंग लागत नाही.

लसणाची हौस असेल तर पाकळ्यांच्या पातळ चकत्या करून आपल्या एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळवा आणि पूड करा. गोडलिंबाची (कढीपत्त्याची) पानं तेलात कुरकुरीत तळून चुरा. जवसाची पूड मला जिवापाड आवडते, पण ती तेलकट असल्यानं गोळे होतात. खायला बसताना वरून भुरभुरवा. ओला सांबार आणि लिंबू मात्र नकोच. आंबटपणाचं काम आमचूर करतो.

मसाला टाकायची वेळही बघा. तिखट आधीच तेलात घातलं तर मका फुटेस्तोवर जळून काळं होतं, घरभर ठसका. लाह्या कोपरात (परातीत) ओतल्या की गरम असतानाच वरून चमचाभर गरम तेल किंवा साजूक तूप धारेनं सोडा, हातानं वरखाली करा, लगेच मसाला चाळणीतून पाडा. लोणी घालू नका, त्यात पाणी असतं. कढवलेल्या तुपात नसतं.

एक माझ्या हातून झालेलं सांगते. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन दारी येतात, तर बोजाऱ्यात, म्हणजे त्यांना द्यायच्या ओवाळणीत, पैशाबरोबर खाऊ द्यावा म्हणून मी चाळीस पिशव्या भरल्या. बाहेर झड लागलेली. वेळ निघून जाईल म्हणून गरम लाह्याच प्लॅस्टिकमध्ये भरून गाठी मारल्या. तासाभरानं पिशव्या आतून धुकटल्या होत्या. एक पोरगं बैलाची दोरी हातात धरून माझ्यासमोरच खात होतं. त्याचे दात लाहीवर वाजलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, सणाच्या दिवशी लेकराला देऊन काय दिलं! तेव्हापासून मी लाह्या सुपात पसरून पंख्याखाली ठेवते, हाताला गारेगार लागल्या की मगच डब्यात. मऊ पडल्याच तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतल्या की बहुतेक वेळा सुधारतात.

प्रश्न : आमच्या शेतात मका आहे. तोच वाळवून फोडला तर? (चिखली तालुका, बुलढाणा)

उत्तर : भाऊ, तुमचा हायब्रीड मका दळायला आणि ढोरांना चांगला, लाहीला नाही. त्याच्या आत मऊ पिठूळ जास्त आणि टरफल वाफ कोंडून धरेल इतकं दणकट नसतं. तो भाजेल, तडकेल, फुलणार नाही. लाहीचा मका वेगळाच, दाणा बारीक, गोल, काचेसारखा कडक. लावायचाच तर 'अंबर पॉपकॉर्न' हे वाण कृषी सेवा केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात विचारा. दुसऱ्या मक्याच्या शेजारी लावू नका, परागानं दाणा बिघडतो. आणि हात जोडून सांगते, बियाण्याच्या पिशवीतला उरलेला गुलाबी-लाल दाणा लेकरांना फोडून देऊ नका. त्याला औषध लावलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे, लाह्यांसाठी रडतो. द्याव्या का?

उत्तर : नाही. चार वर्षांच्या आतल्या लेकराला मक्याच्या लाह्या देऊ नका, एकही नाही. त्याचं टरफल आणि न फुटलेला दाणा श्वासनळीत अडकतो. रडू द्या थोडं. त्याला ज्वारीच्या लाह्यांचं पीठ ताकात कालवून द्या, पातळसर, मीठ बेतानं. मोठी लेकरं पॉपकॉर्न खायला बसली की वाटी घेऊन त्याला त्यांच्यातच बसवा, आणि जमिनीवर सांडलेल्या लाह्या आधी झाडून घ्या.