प्रॉक्सी भंगारात काढावा का?

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणक कक्षात उबंटूची तीस मशीन आणि जुना स्क्विड प्रॉक्सी (सगळ्यांच्या वतीने इंटरनेटवरून पानं आणणारा सर्व्हर) आहे. पूर्वी एकाने उघडलेलं पान बाकीच्यांना झटकन मिळायचं. आता कॅशचा, म्हणजे साठवलेल्या प्रतींचा, काही उपयोग जाणवत नाही. सर्व्हर काढून टाकू का?
– प्रयोगशाळा सहायक, सांगली जिल्हा

उत्तर : थांबा सर. आधी स्क्विडचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांची नोंदवही, उघडा. बहुतेक ओळींवर ‘टीसीपी टनेल’ दिसेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. वेबसाइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, गेल्या. ब्राउझर प्रॉक्सीला फक्त ‘अमुक साइटशी जोडून दे’ म्हणतो. पुढचं सगळं बंद पाकीट. आत काय आहे हेच कळत नाही, तर प्रॉक्सी साठवणार काय?

कुणीतरी सल्ला देईल की प्रत्येक मशीनवर आपलं प्रमाणपत्र टाका आणि मधेच पाकीट फोडा. स्क्विडला ते जमतं, पण माझं ऐकाल तर त्या वाटेला जाऊ नका. पोरांचे पासवर्ड तुमच्या सर्व्हरवर उघडे पडतील. पानं दोन सेकंद लवकर उघडण्यासाठी एवढी जोखीम कशाला?

तरी सर्व्हर ठेवाच, उबंटूच्या अपडेटसाठी. ती पॅकेजेस सहसा अजूनही साध्या एचटीटीपीवरून येतात. मधे कुणी फेरफार केला तर सही जुळत नाही आणि एपीटी (उबंटूचं पॅकेज उतरवणारं साधन) ते नाकारतं, म्हणून हे चालतं. एपीटीला प्रॉक्सीचा पत्ता द्या, पोर्ट 3128.

गोम सेटिंगमध्ये आहे. मूळ सेटिंगप्रमाणे स्क्विड 4 एमबीपेक्षा मोठी फाइल ठेवत नाही आणि डिस्कवर तर काहीच साठवत नाही. डिस्कवरची जागा ठरवणारी ‘कॅश डिर’ची ओळ नुसती कॉमेंट करून, म्हणजे पुढे # लावून बंद, ठेवलेली असते. ती चालू करा, 20 जीबी जागा द्या. कमाल आकार 1 जीबी करा, पण ही ओळ ‘कॅश डिर’च्या वर लिहा, खाली लिहिली तर त्या डिस्कला ती लागू होत नाही. मग स्क्विड बंद करून ‘स्क्विड -झेड’ चालवा, म्हणजे फोल्डर तयार होतील.

पॅकेजच्या याद्या शिळ्या राहतील ही भीती नको. मुदत संपली की स्क्विड मूळ सर्व्हरला ‘बदल झालाय का?’ विचारतो, ‘304’ (बदल नाही) असं उत्तर आलं की आपलीच प्रत देतो.

आणि तीसही मशीन एकदम अपडेटला लावू नका. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या मागणीचं उत्तर यायला लागेपर्यंत त्याच फाइलसाठी बाकीची मशीनही बाहेरच धावतात. एक मशीन आधी उरकू द्या, मग उरलेली लावा आणि लॉगमध्ये ‘टीसीपी हिट’ (कॅशमधून दिलेल्या फाइली) मोजा.