अकरावीचा अर्ज आणि नको असलेले विषय

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांची काळजी एकाच वाक्यात मावते: "अकरावीचा अर्ज भरायचा आहे आणि मुलाला काय व्हायचे आहे हेच त्याला ठाऊक नाही." यातला दुसरा भाग मला फारसा चिंताजनक वाटत नाही. पंधराव्या वर्षी एखाद्याला ते ठाऊक असलेच, तर ते बहुधा घरातल्या दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असते. काळजी करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे आणि ती मला काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मुलीमुळे नीट कळली. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

तिला ९१ टक्के गुण होते. आईवडील दोघेही सोबत आले होते आणि वडिलांच्या हातात एका खासगी कलचाचणीच्या अहवालाची जाडजूड फाइल होती. त्या अहवालाने तिला अभियंता, शिक्षिका, पत्रकार आणि संशोधक असे चारही होता येईल, असे सांगून ठेवले होते, म्हणजे काहीच सांगितले नव्हते. वडिलांचा निर्णय मात्र झालेला होता. "मॅडम, सायन्स घेतले की सगळे मार्ग उघडे राहतात. गणित आणि बायो दोन्ही घेतले, म्हणजे मेडिकलही आणि इंजिनिअरिंगही. पुढे तिला हवे ते तिने करावे." मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.

वडिलांचे म्हणणे निराधार नव्हते. बारावी विज्ञानानंतर बीए, बीकॉम किंवा पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे वळता येते, पण कला वा वाणिज्य शाखेतून अभियांत्रिकीकडे किंवा वैद्यकाकडे सहसा जाता येत नाही. रस्ता एकेरी आहे. शाळा दहावीलाच संपावी ही रचना कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींवर उभी राहिलेल्या १०+२+३ आकृतिबंधातून आली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत शाखा निवडण्याचा प्रसंग याच वयात येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंती नसाव्यात असे म्हटले खरे, पण पालकांच्या मनातली भिंत धोरणाने पडत नाही. वडिलांचा हिशेब चुकत होता तो एकाच ठिकाणी: उघड्या ठेवलेल्या दाराचेही भाडे द्यावे लागते, आणि ते दोन वर्षे मुलीला भरायचे होते. ज्या दारातून जायचेच नाही, त्याच्यासाठी एक संपूर्ण विषय, त्याचे प्रात्यक्षिक आणि बहुधा एक क्लासही तिच्या वाट्याला येणार होता.

आईवडिलांना बाहेर बसवून मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला नको काय ते माहीत आहे. हवे काय ते अजून कळत नाही." घरी तिने हेच सांगितले होते, पण तिथे फक्त दुसरे वाक्य ऐकले गेले होते. मला पहिले वाक्य मोलाचे वाटले, कारण अकरावीचा अर्ज 'तू कोण होणार' असे विचारतच नाही. पुढची दोन वर्षे कोणत्या विषयांसोबत काढशील, एवढेच तो विचारतो.

बालभारतीची अकरावीची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. मी तिला भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास यांचे एकेक प्रकरण वाचून स्वाध्याय वहीत सोडवायला सांगितले आणि प्रत्येक वेळी घड्याळाकडे पहिल्यांदा कधी पाहिले, ते समासात लिहून ठेवायला सांगितले. (कलचाचण्यांवर माझा पूर्ण अविश्वास नाही, पण आवडते का या प्रश्नाला मुले समोरच्याला हवे ते उत्तर देतात, समासातली वेळ तसे करत नाही.) आठवड्याने ती वही घेऊन आली. जीवशास्त्राला अकरा मिनिटे. भौतिकशास्त्राची उदाहरणे तिने चुकत चुकत सोडवली होती. अर्थशास्त्राच्या पानावर वेळच लिहिलेली नव्हती. ती विसरली होती.

बोर्डाच्या योजनेत कला शाखेतही गणित घेता येते, हे तिच्या वडिलांना ठाऊक नव्हते, आणि अर्थशास्त्र पुढे गांभीर्याने शिकायचे तर गणित सोडू नये, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. अडचण व्यवहाराची निघाली. कला शाखेत गणित शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय त्यांना सोयीच्या अंतरावर मिळेना. मग मी कागदाच्या एका बाजूला प्रत्येक पर्यायाने काय बंद होते ते आणि दुसऱ्या बाजूला त्यासाठी रोज काय करावे लागेल ते लिहायला तिघांनाही बसवले. जीवशास्त्र सोडले तर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हातची जाते, हे वडिलांनी मोठ्या अक्षरात लिहिले. त्या वेळी ते जवळजवळ खरेच होते. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ती वाट मोकळी केली. समोरच्या बाजूला मुलीने लिहिले, "मला डॉक्टर व्हायचे नाही, हे मला नक्की माहीत आहे." आईने ते वाक्य दोनदा वाचले.

माझा स्वतःचा कल वाणिज्य शाखेत सेक्रेटरियल प्रॅक्टिसऐवजी गणित घेण्याकडे होता. तो मी बोलून दाखवला नाही आणि तिने तो पर्याय निवडलाही नाही. तिने विज्ञान शाखा घेतली, त्यात गणित ठेवले आणि जीवशास्त्राच्या जागी भूगोल. आज ती अर्थशास्त्रात बीए करते आहे. भौतिकशास्त्राची दोन वर्षे वाया गेली का, असे वडिलांनी मला मागे फोनवर विचारले होते, आणि त्याचे ठाम उत्तर माझ्यापाशी नव्हते.

अर्ज भरण्याआधी तिने दहा पसंतिक्रमांचा कच्चा कागद मला दाखवायला आणला होता. पहिली सहा महाविद्यालये तिच्या अक्षरात होती, भूगोल शिकवणारी. शेवटची चार वडिलांच्या अक्षरात, नीटच्या क्लासशी टाय-अप असलेली. ती खोडू का, असे तिने विचारले. मी म्हटले, राहू दे. पहिल्याच फेरीत तिला दुसऱ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले.