पत्राची तारीख आधी, वायरलेसचं नंतर

सिंहगड रोडवरून एका गाडीमालकाचं पत्र आलंय. ट्रेकर्सना ने-आण करायला तीन ट्रॅव्हलर आहेत. ताम्हिणीत मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून तिन्ही गाड्यांत २५ वॅटचे व्हीएचएफ वायरलेस सेट बसवून घेतले, नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनकडून. घाटात एका गाडीच्या डॅशबोर्डखाली आग लागली. माणसं वेळेत उतरली, गाडीचा पुढचा भाग गेला. विमा कंपनीनं 'अनधिकृत इलेक्ट्रिकल फिटिंग' एवढं एका ओळीत लिहून क्लेम नाकारला. ते विचारतात, वायरलेसला लायसन लागतं का, आणि ते नसेल तर क्लेम बुडाला का?

सीएनजी किट, अँप्लिफायर, जादा दिवे, आणि आता वायरलेस. आधी बसवायचं, जळाल्यावर वकील शोधायचा. असो.

तुमच्या अडीच पानांत कामाची ओळ शेवटून तिसरी आहे: 'नकाराचं पत्र येऊन बावीस महिने झाले, मेल चालूच आहेत.' कशाला चालू आहेत? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ तक्रारीला दोन वर्षं देतं. तुम्ही मेल पाठवत राहिलात, कंपनी 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणत राहिली, म्हणून ती मुदत एका दिवसानंही वाढत नाही. एजंट 'साहेबांशी बोललोय' म्हणाला, त्यावर तर मी काही लिहीतच नाही. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथं फीसुद्धा पडत नाही. पण नकार मिळाल्यापासून वर्षभरात जावं लागतं. ते दार तुम्ही हातानं लावून घेतलंत.

तेव्हा पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार या महिन्यातच दाखल करा. एखादा कागद कमी असला तरी करा, तो मागून जोडता येतो. तिथली फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला म्हणून इथं तुम्ही भरलेला प्रीमियम धरतात, आणि तो पाच लाखांच्या आत असला की फी लागत नाही. आगीच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा, असं कंपनीचा वकील म्हणेल. मुदत सहसा नकारापासून धरली जाते, तरी विलंबमाफीचा अर्ज सोबत असू द्या. गाड्या धंद्याच्या आहेत म्हणून तुम्ही 'ग्राहक' नाही, हा मुद्दाही येईल. विमा नुकसानभरपाईसाठी असतो, नफ्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. निकाल मात्र लवकर मागू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत. ते वाचून आम्ही वकील हसतो.

आता लायसन. २५ वॅटच्या व्हीएचएफ सेटला लागतं. सूट आहे ती २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिटिझन बँडला, तीही ५ वॅटपर्यंत, आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या हातातल्या वॉकीटॉकींना. वापरलाच नाही, नुसता गाडीत होता, ही सबब चालत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून सेट नुसता बाळगायलाही परवानगी लागते. भाच्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन आहे म्हणता. ते त्याच्या छंदाचं, तुमच्या धंद्याला त्याचा उपयोग शून्य.

पण तुमच्या क्लेमचा जीव यात नाही. कंपनीच्या नकारपत्रात लायसनचा शब्द नाही. जे कारण नकारपत्रात दिलं नाही ते कंपनीला नंतर आयोगात काढता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. म्हणून प्रतिज्ञापत्रात स्वतः होऊन 'सेटला लायसन लागत नव्हतं' असं लिहू नका. ते खोटं आहे, आणि कुणी विचारलेलंही नाही.

मला चिंता तुमच्या तिसऱ्या फोटोची आहे. जळक्या वायरींमागे फ्यूजबॉक्स दिसतो आणि त्यात एक हिरवा फ्यूज. हिरवा म्हणजे ३० अँपिअर. एवढा सेट बोलताना सहा-सात अँपिअर ओढतो, त्याला लाल, म्हणजे १० चा पुरला असता. लाल उडत राहिला असेल आणि कुणीतरी हिरवा खोचला असेल. मग फ्यूज शाबूत राहिला आणि सेट ज्यावर जोडला होता ती स्टिरिओची बारीक वायर पेटली. हा फोटो कंपनीला तुम्हीच मेल केलात! गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीत असते, 'अनधिकृत फिटिंग'चा अर्थ तोच म्हणत तिथं ते बोट ठेवतील. पूर्ण रक्कम मिळेल असं मी सांगणार नाही. अटभंग असतानाही ७५ टक्के दिल्याचा अमलेंदू साहू निकाल (२०१०) आहे. त्यातली अट वेगळी होती, पण मागणी तिथवर नेता येईल. सेटची किंमत विसरा, तो पॉलिसीत दाखवलेलाच नव्हता. आणि जळकी वायरिंग भंगारात घालू नका. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

उरलेल्या दोन गाड्यांतही त्याच माणसाचं काम आहे, ते सेट आज काढा. पुढं कधी लायसन घेऊन बसवलेत, तर जाड वायर थेट बॅटरीवरून ओढायची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालायचा, आणि एअरबॅग उघडते त्या जागेत सेट किंवा माइकचा हूक लावायचा नाही. ड्रायव्हरच्या हातातला माइक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मधल्या 'हातातल्या संपर्कसाधनात' बसतो का, यावर वाद होऊ शकतो. माइक शेजारच्या क्लीनरकडे द्या.

येताना नकारपत्राबरोबर त्याचं पाकीटही आणा. टपालाचा शिक्का पुसट असला तरी चालेल, मला पत्र हातात पडल्याची तारीख हवी आहे.