तंबूत जागा मिळेल का?

प्रश्न : मुलगी म्युनिकला नोकरीला आहे. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिथला बिअरचा उत्सव, ऑक्टोबरफेस्ट, बघायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. मी बिअर घेतो, सौ. घेत नाहीत, अंडंही खात नाहीत. आरक्षणाशिवाय बिअरच्या तंबूत शिरता येत नाही असं ऐकलं आणि एक एजंट तिघांच्या जागेसाठी शेकडो युरो मागतोय. भरावेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात भरू नका. उत्सवाच्या मैदानावर आणि तंबूत जायला तिकीटच नाही. आरक्षण थेट तंबूचालकाकडे होतं. साधारण दहा जणांचं अख्खं टेबल घ्यावं लागतं आणि पैसे भरायचे ते खाण्यापिण्याच्या कुपनांचे. मधल्या माणसाकडून घेतलेलं आरक्षण तंबूवाले नाकारू शकतात, म्हणजे पैसेही गेले आणि संध्याकाळही.

तुम्ही तिघंच आहात, तर सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस धरा आणि सकाळी अकराच्या आत तंबूत बसा. मी म्युनिकमध्ये राहत असताना पाहुण्यांना अशीच नेत असे. नियम एकच लक्षात ठेवा : बाकावर जागा मिळाल्याशिवाय बिअर मिळत नाही. वाटेत उभं राहणाऱ्याला वाढत नाहीत. टेबलावर आरक्षणाची चिठ्ठी असेल तर तिच्यावरची वेळ वाचा. त्या वेळेपर्यंत खुशाल बसता येतं. अनोळखी लोकांच्या टेबलावर ‘इथे जागा आहे का’ विचारून बसण्याची तिथे पद्धतच आहे, संकोच करू नका.

बिअर येते ती एक लिटरच्या जाड काचेच्या मगात, त्याला ‘मास’ म्हणतात. मग रिकामाच किलोभराहून जड असतो. वाढणाऱ्या बाया असे दहा-बारा भरलेले मग छातीशी धरून गर्दीतून झपाझप येतात. त्या दिसल्या की वाट सोडा. 2025 मध्ये एका मासला साधारण साडेचौदा ते सोळा युरो पडत होते. वर थोडी टीप द्या, रोख सुटे जवळ ठेवा. आणि ही बिअर रोजच्यापेक्षा कडक, सुमारे सहा टक्क्यांची असते. तुम्हाला एक मास पुष्कळ झाला.

सौ.साठी नीट सांगते, कारण इथे फसगत होते. चीज घातलेले ‘केझेश्पेट्झले’ नूडल्स शाकाहारी म्हणून पुढे येतात, पण पिठात अंडं असतं. ‘काईझरश्मार्न’ या गोड पदार्थातही असतं. ‘ओबाट्स्डा’ नावाच्या मऊ चीजच्या चटणीत अनेकदा थोडी बिअर घालतात, म्हणून विचारून घ्या. मोठा मीठ लावलेला ब्रेझेन पाव, साखरेत घोळवून भाजलेले बदाम आणि सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं ‘आप्फेलशोर्ले’ हे त्यांना आवडेल. पोटभरीचं मात्र मुलीच्या घरून जेवून निघा.

आणि न पिणाऱ्या माणसाला इथे काय, असं त्यांना वाटत असेल तर पहिल्या रविवारची मिरवणूक दाखवा. 2026 चा उत्सव 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर आहे, म्हणजे ती 20 तारखेला. पारंपरिक पोशाखातली हजारो माणसं, बँडपथकं, घोडागाड्या सकाळी दहाला निघून शहरातून सुमारे सात किलोमीटर चालत मैदानावर येतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायला काही पैसे लागत नाहीत. त्या तारखेला जमत नसेल तर मैदानाच्या कडेचा बाव्हारियाचा साडेअठरा मीटर उंच ब्राँझचा पुतळा आतल्या जिन्याने चढून बघा. हे सगळं सुरू झालं 1810 च्या ऑक्टोबरात, बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांच्या लग्नाच्या निमित्ताने. मैदानाला नावही तिचंच आहे, थेरेझियनव्हीझ. पुढे हवेसाठी उत्सव सप्टेंबरात ओढला.

मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. तीन लिटरपेक्षा लहान पर्स चालते. भुयारी रेल्वेचं थेरेझियनव्हीझ स्टेशन मैदानाला लागूनच आहे, पण परतताना तिथे तुडुंब गर्दी होते. तेव्हा गोएथेप्लाट्झ स्टेशनपर्यंत चालत जा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, त्यामुळे मुलीचं निमंत्रणपत्र आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा आत्ताच हातात घ्या.