कदंबाच्या बसमधून येणारा डबा

"मॅडम, हॉस्टेलचे पैसे भरले, मेसचे भरले आणि पोरगी रोज रात्री फोनवर रडते. घरी घेऊन येऊ काय तिला?"

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वडिलांचा हा फोन. मी विद्यार्थ्यांची समुपदेशक, आणि कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी पेडण्याहून, कधी काणकोणहून, कधी सीमेपलीकडच्या दोडामार्गहून. वसतिगृहात ठेवून खरंच काही पदरात पडतं का, की रोज ये-जा केलेली बरी? या मुलीची हकीकत त्यासाठीच लिहिते आहे. तिला आणि तिच्या आईला विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. घर वाळपईच्याही पुढे. गावातून वाळपई, वाळपईहून पणजी आणि पणजीच्या कदंबा (गोव्याची सरकारी बससेवा) स्टँडवरून ताळगाव पठारावर विद्यापीठ. तीन गाड्या, आणि पावसात एका वेळेला अडीच तास. सुरुवातीचे आठ-दहा दिवस तिने हा प्रवास केला. सकाळची पहिली गाडी चुकली की पहिला तास गेला. प्रॅक्टिकल पाचला संपलं की घरी पोचायला आठ, आणि मग भांडी होतीच, धाकट्या भावाचा अभ्यास होताच. वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा वडिलांनी लगेच पैसे भरले ते यामुळेच.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी माझ्या सवयीप्रमाणे कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला. रोजचे पाच तास, आठवड्याचे पंचवीस, पंधरा आठवड्यांच्या सत्रात 375 तास. "एवढा वेळ तुला मिळतोय, बाय," मी म्हटलं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि मान खाली घालून बसली. मला वाटलं, पटलं. ते चुकलंच माझं. हिशेब तिला माझ्याआधी ठाऊक होता. एवढा वेळ मिळूनही आपल्या हातून काही होत नाही, हीच तिची टोचणी होती, आणि मी तिच्यापुढे आकडा ठेवून ती टोचणी वाढवली.

दुसऱ्या वेळी तिला भर दुपारी यावं लागलं. माझी बसायची जागा पणजीत, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. ती भिजून आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन पुडांचा स्टीलचा डबा, वरून पंचाने आवळून गाठ मारलेला. ती खुर्चीत बसली, पण डबा काही खाली ठेवला नाही. मांडीवरच धरून राहिली. ओल्या पंचातून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता.

"जेवलीस?"

"परत गेल्यावर जेवते."

"डबा कुठून आणलास?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई पहाटे पाचला उठून रांधते. गावच्या पहिल्या गाडीने डबा वाळपईला जातो, तिथून पणजीच्या गाडीच्या चालकाकडे, आणि तो स्टँडवरच्या एका चहावाल्याकडे ठेवतो. साडेबाराची सुटी झाली की ही विद्यापीठातून बस पकडून स्टँडवर येते, डबा घेते, आदल्या दिवशीचा रिकामा डबा ठेवते आणि परत जाते. पठारावर पोचेपर्यंत दोन वाजतात. प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी डबा पाचनंतर उघडतो. पहाटेचं शीत, म्हणजे भात, संध्याकाळी, खोलीत एकटीने. जुलैत मासेमारी बंद होती तेव्हा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर यायची, ऑगस्ट लागल्यावर ताजे बांगडे यायला लागले. तिने मला हे सगळं अगदी बारकाईने सांगितलं. मेसमध्ये काय असतं, हे मात्र तिला सांगता येईना. तिने तिथे चार वेळासुद्धा ताट घेतलं नव्हतं.

"मेसचं आवडत नाही?"

"आवडत नाही असं नाही, मॅडम. पण आई पाचला उठते. नको कसं म्हणू?"

खोलीतली दुसरी मुलगी काणकोणची. मजल्यावरच्या सगळ्या जणी साडेबाराला एकत्र जेवायला जात, आणि नेमकी तेव्हा ही बसमध्ये असे. शुक्रवारी शेवटचा तास सोडून ती गावची गाडी पकडे, सोमवारी सकाळी परत. चार आठवड्यांत एकही शनिवार-रविवार तिने वसतिगृहात काढला नव्हता. तिथल्या कुणाशी तिची ओळख नाही, म्हणून तिथे करमत नाही. करमत नाही म्हणून घरी पळते. बापाने पैसे भरले होते वसतिगृहाचे, आणि पोरगी राहत होती अजून घरातच.

अशा वेळी बरेच पालक मेसला किंवा जागेला दोष देतात, नाहीतर मुलीला लाडावलेली ठरवतात. इथे दोष कुणाचाच नव्हता. मी तिच्या परवानगीने आईला फोन लावला. आई म्हणाली, "ती बाहेरचं नीट जेवत नाही, म्हणून पाठवते मी." मी सांगितलं की ती तुमच्यासाठी डबा आणायला जाते आहे, आणि त्यापायी दुपारची उपाशी राहते आहे. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग ती माऊली म्हणाली, "मग सकाळी उठून मी करू काय?"

त्या वाक्यावर मी अजून विचार करते. घरची ओढ आपण मुलांचीच धरतो. मूल घराबाहेर पडल्यावर आईचा दिवस कसा सुरू होतो, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या दोन्ही वेळी मी आईशीच बोलले, आणि माझ्या मते मुलीला त्याचाच जास्त उपयोग झाला.

ठरलं ते असं. डबा बंद करायचा नाही, पण तो फक्त बुधवारी, आणि चार जणींना पुरेल एवढा. एरवी मेस. चतुर्थीपर्यंत दोन शनिवार-रविवार वसतिगृहातच काढायचे, मग चतुर्थीला पोटभर पाच दिवस घरी. वसतिगृह सोडायचं की नाही, हा विषय सत्र संपेपर्यंत कुणी काढायचा नाही. फार वेळा पहिल्या महिन्यातलं रडू हे उपटून दुसरीकडे लावलेल्या रोपाचं कोमेजणं असतं. तेव्हा रोप परत उपटू नये, एवढं मी आग्रहाने सांगते.

पण हे सगळ्यांना लागू नाही. गेल्या वर्षी म्हापशाचा एक मुलगा मित्र आहेत म्हणून वसतिगृह मागत होता. म्हापसा-पणजी शटल हाताशी, कदंबाचा सवलतीचा विद्यार्थी पास आहे, आणि घरी वडिलांचं आजारपण. त्याला मी घरीच राहायला सांगितलं. एका बाजूचा प्रवास तास-सव्वा तासाच्या आत असेल, घरात अभ्यासाला कोपरा असेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर वसतिगृहाचा हट्ट नको. त्याहून लांब असेल, आणि त्यातही मुलगी असेल, तर माझा कौल सरळ वसतिगृहाला. घरी पोचलेल्या मुलीच्या हातात आठ वाजता पुस्तक येत नाही, विळी येते. संध्याकाळी सहाला ग्रंथालयात जाऊन बसता येणं, हे आपल्या कित्येक मुलींच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा येतं. आणि गोव्यात विद्यापीठच 1985 सालचं. त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं, तिथे सोय नसली की मुलं मुंबई, पुणे, धारवाड गाठायची. तेव्हा बाहेर पाठवलेल्या मुलग्यांबद्दल, पैसे फुकट जातात काय, असं कुणी फारसं विचारत नसे. या वडिलांना मी हे बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत.

भाड्याच्या खोलीचं विचारतात पुष्कळ जण. ताळगाव, दोनापावल, सांताक्रूझ भागात खोली मिळते, पण तिथे अनामत, वीजबिल, जेवण आणि रात्रीची सोबत हे सगळं आपलं आपण बघायचं. पहिल्या वर्षाला मी ते सुचवत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण "सत्र संपेपर्यंत थांब" हे माझं वाक्य चुकीच्या मुलापर्यंत पोचायला नको. रॅगिंग होत असेल तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत समिती असणं बंधनकारक आहे, आणि 1800-180-5522 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तसंच झोप उडाली, दोन आठवडे अन्न जात नाही, तासाला जाणं थांबलं, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघालं, तर ती नुसती घरची ओढ म्हणून सोडून देऊ नका. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि मूल म्हणत असेल तर त्याला घरी आणा. शिक्षण नंतर होतं.

या मुलीचं तसं नव्हतं. पहिला शनिवार तिला फार जड गेला. रात्री साडेअकराला मला तिचा संदेश आला, "सगळ्या झोपल्या, मला झोप नाही." दुसऱ्या शनिवारी संदेश आला नाही. चतुर्थीहून परतताना आईने नेवऱ्यांचा पत्र्याचा डबा भरून दिला, तो मजल्यावर दोन दिवसही पुरला नाही. मेसची कडी तिला अजून आवडत नाही, आणि ती आवडलीच पाहिजे असं काही नाही.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी आईचा फोन आला. आदल्या दिवशीचा बुधवारचा डबा संध्याकाळच्या गाडीने परत आला होता, भरलेलाच. चहावाल्याकडे तो दिवसभर तसाच राहिला होता.

"मी घाबरले, तिला लगेच फोन केला," आई सांगत होती. "तर म्हणते, आई, आज सेमिनारची तयारी करत बसलो सगळ्या जणी, डबा विसरलेच गो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? शीत आंबलं होतं. गायीला घातलं." थोडं थांबून ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी पाठवू नये, असं वाटतं मला. तुम्ही काय म्हणता?"