मेल्क ते क्रेम्स सायकलने : वाखाउ खोऱ्यात कोणता काठ धरावा?

आपला प्रश्न असा आहे की, ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठाने मेल्क ते क्रेम्स हा टप्पा पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलीसह सायकलने करायचा आहे. सायकलवाट नदीच्या दोन्ही काठांनी जाते, तर कोणती निवडावी आणि एक दिवस पुरेल का. या खोऱ्यात मी वेगवेगळ्या ऋतूंत सायकल चालवली आहे. माझे मत असे की, एकच काठ धरून जाऊ नये आणि एका दिवसात तर मुळीच उरकू नये.

अंतर जेमतेम ३६ किलोमीटर आहे आणि चढ नावापुरते आहेत, त्यामुळे जर्मनीतील पासाउहून व्हिएन्नाकडे निघालेले सायकलस्वार हा भाग बहुधा अर्ध्या दिवसात मागे टाकतात. वाखाउ या नावाने ओळखले जाणारे हे अरुंद खोरे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते एखाद्या इमारतीसाठी नव्हे, तर नदी, गावे, मठ, किल्ले आणि उतारांवरच्या द्राक्षबागा यांनी मिळून घडवलेल्या भूदृश्यासाठी. असे भूदृश्य पाहायचे तर जागोजागी थांबावे लागते.

नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास डावा काठ उत्तरेचा आणि उजवा दक्षिणेचा. डाव्या काठावरचे डोंगरउतार दक्षिणाभिमुख आहेत, दिवसभर ऊन खातात, म्हणून द्राक्षांचे जवळजवळ सगळे प्रसिद्ध मळे तिकडेच आहेत. उतार इतके उभे आहेत की चुन्याविना रचलेल्या दगडी गडग्यांच्या आधारे पायऱ्यापायऱ्यांची शेती करावी लागली. हे दगड दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात, आणि त्यांच्या फटींतून पाचूसारखे हिरवे सरडे राहतात. येथील सर्वांत भारदस्त वाइनच्या वर्गाला त्या सरड्यावरूनच ‘स्माराग्ड’ हे नाव दिलेले आहे. उजव्या काठाच्या डोंगरावर सावली अधिक, म्हणून वरती जंगल आणि खाली नदीलगतच्या सपाटीवर जर्दाळूच्या बागा. मोठी गावे, रेल्वे आणि गर्दी डाव्या काठाला, तर उजवा काठ निवांत. पण गंमत अशी की, डाव्या काठाचे रूप खऱ्या अर्थाने उजव्या काठावरूनच दिसते; मळ्यांच्या पायथ्याशी उभे राहिले की डोक्यावर फक्त पहिला गडगा दिसतो. म्हणून मी पाहण्यासाठी उजवा काठ आणि फिरण्यासाठी डावा काठ अशी वाटणी करतो.

दिशा मेल्ककडून क्रेम्सकडेच ठेवावी. प्रवाहाबरोबर जाणे हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, आणि नदीकाठच्या उघड्या वाटेवर समोरचा वारा लहान मुलांना चढापेक्षा जास्त दमवतो.

मेल्कला सकाळी मठ पाहून घ्यावा. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे भिक्षू येथे १०८९ सालापासून आहेत. आज दिसणारी पिवळी, बरोक या अलंकृत युरोपीय शैलीतील वास्तू याकोब प्रांटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली. त्यानंतर उजव्या काठाची वाट धरावी. शोएनब्युहेलचा वाडा नदीत घुसलेल्या खडकावर बसलेला आहे. त्याच्या आसपास थोडा चढ लागतो, तेवढाच काय तो. पुढे आग्सबाख डॉर्फ या गावात १३८० साली स्थापन झालेला आणि १७८२ साली बंद करण्यात आलेला कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे. रस्त्यापासून जरासा आत असल्याने बरेच जण तो चुकवतात.

आग्श्टाइनचा पडका किल्ला नदीपासून सुमारे ३०० मीटर उंच कड्यावर आहे. सायकल खाली कुलूप लावून ठेवावी आणि पायी चढावे. मुलीला घेऊन सायकलने चढण्याचा हट्ट करू नये. या किल्ल्याचा एक मालक कैद्यांना कड्यावरच्या चिंचोळ्या कपारीत सोडत असे आणि उपाशी मरायचे की खाली उडी घ्यायची एवढाच पर्याय त्यांच्यापुढे ठेवत असे, अशी दंतकथा सांगतात. त्या कपारीचे नाव ‘छोटी गुलाबबाग’! दंतकथा किती खरी हा भाग वेगळा, पण दहा वर्षांच्या मुलीला मेल्कच्या मठापेक्षा हीच जागा लक्षात राहील, हे मी पैजेवर सांगतो.

ओबरआर्न्सडॉर्फला पोहोचलात की समोरच्या काठावर श्पिट्स गाव, त्यामागे द्राक्षमळ्यांनी वेढलेली टेकडी आणि एका बाजूला हिंटरहाउस किल्ल्याचे अवशेष असे दृश्य दिसते. माझ्या मते संपूर्ण खोऱ्यातील हे सर्वोत्तम ठिकाण आहे. येथे तासभर काढावा. हाताशी वेळ असेल तर याच काठाने काही किलोमीटर पुढे बाखार्न्सडॉर्फपर्यंत जाऊन परत यावे. तेथे रोमन काळातील टेहळणी बुरुजाची भिंत बरीच उंचीपर्यंत शाबूत आहे. डॅन्यूब ही रोमन साम्राज्याची सरहद्द होती, उजवा काठ साम्राज्याचा आणि डावा पलीकडच्या टोळ्यांचा. समोर तोंड करून उभा असलेला हा बुरुज पाहिला की ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता तरीविषयी, म्हणजे काठावरून काठावर नेणाऱ्या नावेविषयी, कारण माझा सगळा बेत तिच्यावरच अवलंबून आहे. ओबरआर्न्सडॉर्फ आणि श्पिट्स यांच्यामध्ये नदीवर उंचावरून एक पोलादी तार आडवी ताणलेली आहे. नावेला बांधलेला दोर त्या तारेवर फिरणाऱ्या चाकाला जोडलेला असतो. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाशी तिरकी करतो, तिच्या कडेवर पाण्याचा रेटा बसतो, दोर तिला प्रवाहाबरोबर वाहून जाऊ देत नाही, आणि मग ती आडवी सरकत पलीकडे पोहोचते. परतताना तिरकेपणाची बाजू तेवढी बदलायची. मोटारी, सायकली, माणसे असा सगळा भार इंजिनाऐवजी नदीच वाहून नेते. मुलीला नावाड्याच्या हाताकडे आणि वरच्या चाकाकडे पाहत उभी करावी.

अशी नाव चालण्यासाठी नदीला जोर असावा लागतो, आणि तो येथे टिकून आहे यामागे इतिहास आहे. ऑस्ट्रियातील डॅन्यूबवर ठिकठिकाणी जलविद्युत केंद्रांचे बंधारे आहेत आणि त्यांच्या मागे पाणी जवळजवळ तळ्यासारखे तुंबते. मेल्कच्या जरा वरच्या अंगालाच १९८२ साली पूर्ण झालेले असे एक केंद्र आहे. वाखाउमध्येही उजव्या काठावरील र्युर्सडॉर्फजवळ बंधारा घालण्याची योजना होती. १९७० च्या दशकापासून स्थानिकांनी तिला सातत्याने विरोध केला आणि अखेर ती सोडून देण्यात आली. आज ऑस्ट्रियात ही नदी मोकळी वाहते ती दोनच ठिकाणी : एक येथे आणि दुसरे व्हिएन्नाच्या पूर्वेला. मोकळ्या नदीला पूरही मोकळा येतो, हे त्याचेच दुसरे अंग. २००२ आणि २०१३ सालच्या पुरांनी येथील गावांत बरीच हानी केली. जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा वर्षांसह कोरलेल्या दिसतात. पाणी फार चढले की नाव बंद असते, आणि संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर पुलासाठी मोठा वळसा पडतो. म्हणून त्या दिवसाची वेळ आधी पाहून ठेवावी.

मुक्काम श्पिट्सला करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्साह असेल तर चार-पाच किलोमीटर उलट दिशेने विलेनडॉर्फला जाऊन यावे. तेथे १९०८ साली रेल्वेमार्गालगत उत्खनन चालू असताना सुमारे ११ सेंटीमीटर उंचीची चुनखडीची स्त्रीमूर्ती सापडली. तिचे वय अंदाजे ३०,००० वर्षे मानले जाते. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, गावात तिची प्रतिकृती आहे. व्हिएन्नाला जाणारच असाल तर हा फेरा वगळला तरी चालेल.

श्पिट्सहून खाली निघाल्यावर झांक्ट मिखाएलचे तटबंदी चर्च लागते. त्याच्या छपराच्या कण्यावर मातीची सात चिमुकली जनावरे आहेत. एका हिवाळ्यात बर्फ छपरापर्यंत साचले आणि ससे त्यावरून पळत गेले, अशी त्यांची कथा आहे. ती जनावरे ससे दिसतात का, यावर कुटुंबात वाद घालण्यास पुरेसा वाव आहे. वाइसेनकिर्शेनमध्ये वाट गावातून, मळ्यांच्या बांधाबांधाने जाते. काही ठिकाणी दगडी फरसबंदी असल्याने वेग आपोआप कमी होतो.

ड्युर्नश्टाइन सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणून सर्वांत गजबजलेले. तिसऱ्या क्रुसेडवरून, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावरून, परतताना इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ऑस्ट्रियाच्या ड्यूक पाचव्या लेओपोल्डच्या हाती सापडला आणि ११९२-९३ च्या हिवाळ्यात त्याला गावावरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतील लेओपोल्डच्या वाट्यातून व्हिएन्नाचा तट वाढवला गेला. किल्ला १६४५ साली स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. गावातील अरुंद गल्लीत दुपारी सायकलवरून उतरून चालणेच बरे. जहाजांतून आलेली पर्यटकांची गर्दी टाळायची असेल तर येथे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर यावे.

ड्युर्नश्टाइनहून सायकली घेणारी छोटी होडी उजव्या काठावरील रोसात्सच्या बाजूला सोडते. तिकडून गावाचा निळा मनोरा, त्यावरचा पडका किल्ला आणि खालची नदी एका नजरेत येते. मग जर्दाळूच्या बागांतून माउटर्नपर्यंत सपाट वाट आहे. माउटर्न म्हणजे रोमनांचे फाविआनिस. त्यांच्या तटाचे अवशेष गावात अजून आहेत. पूल ओलांडला की श्टाइन आणि त्याला लागून क्रेम्स. ग्योटवाइगचा मठ दुरून दिसत राहतो, पण त्याचा चढ उभा आहे; मी तो या बेतात धरणार नाही.

ऋतूबद्दल थोडक्यात सांगतो. जर्दाळूचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, फळे जुलैत तयार होतात, आणि द्राक्षांची तोडणी शरदात चालते. मला सप्टेंबर पसंत आहे, कारण ऊन सौम्य असते आणि मळ्यांत कामाची वर्दळ असते. या काळात अनेक बागायतदार ठरावीक आठवडे स्वतःच्या अंगणात आपली वाइन आणि थंड खाणे देतात. दाराबाहेर टांगलेली फांदी म्हणजे आज उघडे आहे. खिशात थोडे रोख युरो असू द्यावेत. मात्र सायकलस्वारालाही मद्याची कायदेशीर मर्यादा आहे, रक्तात दर हजारी ०.८, तेव्हा पेला दिवसाचे अंतर संपल्यावरच उचलावा. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, म्हणजे मुलीसाठी ते हवेच.

मेल्क आणि क्रेम्स दोन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक आहे. प्रादेशिक गाड्यांत सायकलसाठी वेगळे तिकीट काढावे लागते, लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागा आधी राखावी लागते. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्रेम्स आणि मेल्क यांच्यामध्ये प्रवासी जहाजे चालतात आणि ती सायकली घेतात. मुलगी दुसऱ्या दिवशी कंटाळली तर श्पिट्सच्या धक्क्यावरून जहाज धरून थेट क्रेम्स गाठता येते.